कापड ठेवून लेप नेला

एक

बुधवारी सकाळी नऊ वाजून एकतीस मिनिटांनी स्वच्छ पाण्याच्या टाकीवर तेलाचा तवंग आला. ही वेळ मी अंदाजाने सांगत नाही. ती माझ्या पुतणीच्या वहीत नोंदलेली आहे, आणि तेवढ्या एका ओळीपुरते तिचे अक्षर बिघडलेले आहे.

मी पोहोचलो तेव्हा दहा वाजले होते. माझ्या धाकट्या भावाचा कारखाना म्हणजे पत्र्याच्या छपराखालची एक लांबट जागा. ट्रक आणि बसची इंजिने तिथे उघडली जातात, धुतली जातात आणि दुरुस्त होऊन परत जातात. इंजिने धुतलेले काळे पाणी आधी निवळटाकीत उतरते, तिथून दुसऱ्या टाकीत आणि दुसऱ्या टाकीतून मागच्या ओढ्यात. या दोन टाक्यांच्या मध्ये धाकट्याच्या मुलीने, म्हणजे माझ्या पुतणीने, एक पडदा बसवला होता. लाकडी चौकटीवर ताणलेले पांढरे सुती कापड, लांबी दीड मीटर, आणि त्यावर तिने स्वतः तयार केलेला लेप. या पडद्यातून पाणी जावे आणि तेल अलीकडेच राहावे, अशी योजना होती.

मी फाटकातून आत शिरलो तो धाकट्याचा आवाज कानावर आला.

"कोरडंच लावलंत तुम्ही! आधी भिजवायचं, मग लावायचं, हे त्या पोरीनं शंभरदा सांगितलंय. शंभरदा!"

समोर मिस्त्री उभे होते. त्या कारखान्यात त्यांना एकतीस वर्षे झाली होती. हातातल्या चिंधीने ते एकेक बोट पुसत होते.

"मालक, मी भिजवलं होतं. चांगल्या दोन बादल्या पाण्यात."

"मग तेल काय उडी मारून पलीकडे गेलं?"

"ते तेलाला विचारा," मिस्त्री म्हणाले. "शुक्रवारी त्या तपासनीस बाई येऊन जाऊ देत. शनिवारपासून मी येणार नाही."

एकतीस वर्षांत मिस्त्रींनी असे वाक्य उच्चारल्याचे मला आठवत नव्हते. 

पुतणी टाकीच्या कठड्यावर बसली होती. मला पाहून उठली.

"काका, शुक्रवारी अकराला प्रदूषण मंडळाची तपासणी. ही तिसरी नोटीस आहे. ओढ्यात पुन्हा तेल दिसलं, तर त्या फाटकालाच सील लावणार आहेत."

"दुसरा पडदा तयार होईल ना?"

"एका दिवसात होईल. पण लेपाचा डिंक एकाच पडद्यापुरता उरलाय. नवीन मागवला तर पंधरा दिवस लागतात. आणि हा पडदा कशानं गेला, तेच कळलं नाही, तर दुसराही तसाच जाईल." तिने वही मिटली. "एकदा चुकायची सवलत होती, काका. ती संपली."

मी चौकट उचलली, पडदा स्वच्छ पाण्याच्या परातीत बुडवला आणि काचेच्या नळीने त्याच्या तेल न लागलेल्या एका कडेच्या खालून, पाण्यातच, तेलाचा एक थेंब सोडला. लेप चढवलेल्या कापडावर असा थेंब काचेच्या गोटीसारखा गडगडतो. गेल्या आठवड्यात एका लहान तुकड्यावर मी तो माझ्या डोळ्यांनी गडगडताना पाहिला होता.

हा थेंब गडगडला नाही. तो बसला, पसरला आणि चिकटला.

मिस्त्रींनी पडदा भिजवला होता की नव्हता, हा प्रश्नच गौण ठरला. त्या कापडावर लेप नव्हता.

दोन

"म्हणजे कोणीतरी पडदा बदलला!" धाकटा म्हणाला. त्याच्या आवाजात रागापेक्षा समाधान अधिक होते. पुतणीचा शोध खोटा ठरण्यापेक्षा चोर निघालेला त्याला परवडणार होता. एरवी मात्र "फडक्यानं कुठं तेल अडतं का?" हे त्याचे वाक्य कारखान्यात येणाऱ्या प्रत्येक ट्रकचालकाला पाठ झालेले होते.

इथे लेपाविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. समुद्री शेवाळापासून एक डिंक निघतो. कापड त्या डिंकाच्या द्रावणात बुडवायचे, मग चुन्याच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायचे. क्षारातला चुना डिंकाच्या धाग्यांना एकमेकांशी बांधून ठेवतो, आणि डिंक कापडावर पक्का बसतो. वाळल्यावर तो ताठ होतो, पाण्यात घातल्यावर फुगून बुळबुळीत होतो.

"तेलाला तेल हवं असतं," पुतणीने मला पहिल्या दिवशी समजावले होते. "हा लेप पोटभर पाणी पितो. मग कापडावर पाण्याचीच कातडी तयार होते. तेल येतं, पण त्याला कापड दिसतच नाही, नुसतं पाणी दिसतं. म्हणून ते परत फिरतं. पण आधी पाणी पाजायला हवं. कोरड्या लेपाला तेल आधी शिवलं, तर ते जागा धरून बसतं."

पडदा बदलला असेल, तर ते सांगू शकेल अशी एकच व्यक्ती होती. आमची बहीण कारखान्यामागच्या घरात धाकट्याबरोबर राहते, गावात शिवणवर्ग चालवते, आणि या पोरीला तिनेच वाढवले आहे. मी तिला बोलावून घेतले. तिने चष्मा लावला, पडद्याची कड बोटांवर घेतली आणि टाक्यांवरून नख फिरवले.

"माझीच शिवण. दुहेरी मुडप, आतून उलटी टीप. अशी टीप या गावात दुसरं कोणी घालत नाही. माझ्या वर्गातल्या मुलीसुद्धा नाही, आळशी कुठल्या."

"नक्की?"

"अरे, आपला हात आपल्याला ओळखू येत नाही का? हा बघ लाल दोरा. वरची बाजू कळावी म्हणून मीच कोपऱ्यात फुली घातली होती." तिने कोपरा डोळ्यांजवळ नेला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "पण हे काय? दोऱ्याभोवती गुलाबी कसं झालं? हा दोरा रंग सोडत नाही. पंधरा वर्षं मी हाच वापरते. तुमच्या त्या घाणेरड्या तेलानं झालं असणार."

"तेलानं डाग काळा पडेल, आत्या," पुतणी म्हणाली. "गुलाबी नाही."

"मग मला काय ठाऊक! मी शिवते, तुम्ही बिघडवा."

मी पडदा पुन्हा हातात घेतला. कापड तेच होते, शिवण तीच होती, फुली तीच होती. त्यावर जे होते तेवढेच नाहीसे झाले होते. चोराने कापड जागेवर ठेवून लेप नेला होता, आणि असा चोर मी पन्नास वर्षांत पाहिला नव्हता.

तीन

कोणाची चौकशी करायची, हे ठरवण्याआधी पडद्याचा प्रवास लिहून काढला. तंत्रनिकेतनात शिकताना लागलेली ही सवय आहे; यंत्र बंद पडले की आधी ते शेवटचे केव्हा चालू होते ते लिहायचे.

सोमवारी दुपारी लेप चढला. संध्याकाळी वाळलेला पडदा पुतणीने वर्तमानपत्रात गुंडाळून घराच्या मागच्या खोलीत फळीवर ठेवला. मंगळवारी ती दिवसभर तिच्या महाविद्यालयात होती, पाण्यातले तेल मोजायचे उपकरण उसने आणायला. बहीण अकरा ते पाच शिवणवर्गात होती. बुधवारी सकाळी आठ वाजता बहिणीने ती गुंडाळी न उघडता मागच्या दारातून मिस्त्रींच्या हातात दिली. पुतणी तेव्हा उपकरण जुळवत होती. मिस्त्रींनी पडदा भिजवला, चौकटीत ताणला, आणि नऊ वाजून दहा मिनिटांनी काळे पाणी सोडले.

मिस्त्री निवळटाकीकडे पाठ करून बसले होते. मी शेजारी बसलो.

"मोठे दादा, तुम्हीही तेच विचारणार का?"

"नाही. मला फक्त वेळ सांगा. पाणी सोडलं तेव्हापासून पलीकडे काय काय दिसलं?"

त्यांनी मान वर केली. हा प्रश्न त्यांना आवडला असावा.

"पहिली वीस मिनिटं पाणी असं निघत होतं, की तोंड बघावं. पोरीला मी म्हटलंसुद्धा, आज पेढे वाटायला हवेत. मग एका कोपऱ्यात रंग चमकला. मग सगळीकडेच."

"वीस मिनिटं नक्की?"

"तिच्या वहीत बघा ना."

वहीत एकवीस होती. मी ती ओळ दोनदा वाचली.

"आणि भिजवताना? हाताला काही वेगळं लागलं?"

मिस्त्रींनी आपला तळवा उलटसुलट करून पाहिला. "आता विचारलंत म्हणून सांगतो. त्या पोरीचे लहान तुकडे मी कितीदा भिजवलेत. ओले झाले की हातातून सटकतात, गोगलगायीच्या अंगासारखे. आज तसं झालं नाही. साधं फडकं भिजवावं तसं वाटलं. म्हटलं, माझीच कातडी तेलानं निबर झाली असेल. मालकांना सांगितलं असतं, तर म्हणाले असते, भिजवलं नाही ते नाही, वर थापा मारतात."

टाकीच्या खांबावर पुतणीने सूचनांचा पुठ्ठा टांगला होता. आठ दिवसांतच त्याची रया गेली होती. पहिल्याच ओळीवर रॉकेलने माखलेला कोणाचा तरी अंगठा फिरला होता आणि शाई पुसली होती. त्यावर काय लिहिले आहे हे मला तोंडपाठ असल्याने मी ती अक्षरे वाचली नाहीत, नुसती ओळखली. पुढे कळले की या प्रकरणात माझ्याकडून झालेली मोठी चूक हीच.

मिस्त्री उठले. "दादा, शनिवारचं मी बोललो ते रागात नाही हं. एकतीस वर्षांनंतर माणसाला खोटं पाडलं, की पाय उचलत नाही आत यायला."

चार

जळके तेल गोळा करणारा दर दोन दिवसांनी पिंपे घेऊन येतो. सगळे त्याला टिपाडराव म्हणतात, आणि त्याच्या देहाकडे पाहता त्यात अतिशयोक्ती नाही. धाकट्याचा पुढचा संशय त्याच्यावर होता.

"माझ्यावर?" टिपाडराव पिंपावर बसत म्हणाला. पिंप कण्हले. "अहो, आजवर मी तुमच्याकडनं तेल नेतो, त्यात निम्मं पाणी. पोरीचा पडदा लागला तर नुसतं तेल मिळेल मला. मी रोज तिच्या नावानं हात जोडतो. स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेऊ?"

त्याचे म्हणणे बिनतोड होते.

"मंगळवारी आला होतात?"

"दोनच्या सुमाराला. मालक इथे नव्हते, म्हणून कुंपणाच्या बाजूनं मागं गेलो. मागच्या अंगणात होते, पाठमोरे. आणि दादा, काय सांगू," त्याने आवाज खाली आणला, "मालक गुणगुणत होते!"

"माझा भाऊ?"

"पंधरा वर्षं येतोय मी. आधी वाटलं, कुठल्या तरी मशीनचा पट्टा घासतोय. मग चाल ओळखू आली. म्हटलं, इतक्या खुशीत आहेत, उगाच कशाला हाक मारा. आलो तसा गेलो, म्हणून आज पुन्हा आलोय."

मी हात धुवायला घरात गेलो. मोरीपाशी बहीण अॅल्युमिनियमचे सर्वांत मोठे पातेले राखेने घासत होती आणि पातेल्याशी भांडत होती.

"हे बघ! आतून काळंठिक्कर. परवा लख्ख घासून पालथं घातलं होतं. यात कोणी काय उकळलं, विचारतेय तर घरात एकालाही वाचा नाही. आंघोळीचं पाणी तापवायचं पातेलं आहे हे!"

"कधी लक्षात आलं?"

"काल संध्याकाळी. वर्गातून आले तेव्हा."

मी पातेल्यात बोट फिरवले. काळे निघाले नाही. ते काजळीप्रमाणे वर बसलेले नव्हते, धातूच काळवंडला होता. अॅल्युमिनियमचे असे एका पदार्थाने हमखास होते.

"धुण्याचा सोडा कुठे ठेवतेस?"

"तिथे, डब्यात. का रे?"

डबा अर्धा होता. बहीण वर्षानुवर्षे तो काठोकाठ भरून ठेवत आली आहे.

मी मोरीच्या उंबरठ्यावर बसलो. गुलाबी झालेली फुली, काळे पातेले, न सटकणारे कापड आणि वहीतली एकवीस मिनिटे. चार गोष्टी एका दोऱ्यात ओवल्या गेल्या होत्या, आणि दोऱ्याचे टोक ज्याच्या हातात जात होते, त्या नावावर माझा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता.

पाच

गुरुवारी सकाळी मी सर्वांना टाकीपाशी बोलावले. पुतणीकडे लेप चढवलेले तळहाताएवढे तीन तुकडे शिल्लक होते. तीन लहान चौकटी, तीन काचेची भांडी आणि भिंतीवरचे घड्याळ एवढीच सामग्री होती.

"पहिला तुकडा मी कोरडाच बसवतो," मी म्हणालो आणि काळे पाणी ओतले. एक मिनिट व्हायच्या आत खालच्या भांड्यात तवंग आला.

"बघा!" धाकटा म्हणाला.

"बघितलं. पण काल तवंग यायला एकवीस मिनिटं लागली. पडदा कोरडा असता, तर एकही लागलं नसतं. म्हणजे तो भिजवलेला होता. मिस्त्री खरं बोलत होते."

 मिस्त्रींनी खिशातून चिंधी काढली, आणि पुसायला काही नव्हते तरी हात पुसले.

दुसरा तुकडा भिजवून बसवला. तो पाणी देत राहिला, तेल राखत राहिला. तिसरा तुकडा मी सर्वांसमोर सोड्याच्या पाण्यात दहा मिनिटे उकळला, खंगाळला, भिजवला आणि बसवला. आम्ही वाट पाहत राहिलो. अठराव्या मिनिटाला त्यातून पहिला रंगीत थेंब खाली पडला.

"काका!" पुतणी ओरडली. "सोडा चुना ओढून घेतो! मग डिंक बांधलेला राहतच नाही, पाण्यातनं निघून जातो. उरतं नुसतं सुती कापड. ते भिजलेलं असलं तर थोडा वेळ तेल अडवतं, मग दमतं." तिने कपाळावर हात मारला. "कारखान्यात मी सोडा बंद केला तो तेल पाण्यात मिसळतं म्हणून. लेपावर काय होतं, ते तपासलंच नाही मी."

"तेव्हा पडदा उकळलेला आहे," मी म्हणालो. "गार पाण्यात रंग न सोडणारा दोरा उकळत्या सोड्यात गुलाबी झाला. कारखान्यात दोन महिने सोडा नाही, घरात आहे. घरात मिस्त्री जात नाहीत, टिपाडराव जात नाही. पोर मंगळवारी बाहेर होती. बहीण वर्गात होती, आणि स्वतःचं पातेलं काळं करून वर स्वतःच घरभर बोंब मारणारी बाई मी तरी पाहिलेली नाही. मग घराची किल्ली..."

"थांब, दादा."

धाकट्याने माझ्याकडे पाहिले नाही. तो खांबाकडे गेला आणि पुठ्ठ्यासमोर उभा राहिला.

"इथे काय लिहिलंय?" त्याने विचारले.

"कोरडे कापड लावू नये," पुतणी म्हणाली.

"नाही. वाच. डोळ्यांनी वाच."

आम्ही सगळे जवळ गेलो. अंगठ्याने 'ड' पुसून नेला होता. वरची मात्रा तेवढी 'र'च्या खांद्याशी राहिली होती. पुठ्ठ्यावर लिहिले होते: कोरे कापड लावू नये.

"कोरं कापड म्हणजे नवं, न धुतलेलं," धाकटा सांगू लागला. त्याचा आवाज कारखान्यातला नव्हता. "कोऱ्या कापडाला गिरणीची खळ असते, हे कोणालाही कळतं. मंगळवारी गुंडाळी उघडून बघितली. कापड पुठ्ठ्यासारखं ताठ. म्हटलं, पोरीनं स्वतःच लिहून ठेवलंय आणि गडबडीत खळ काढायचीच विसरली. शुक्रवारी बाईंसमोर तिचं हसं होईल. सोडा घालून ते उकळलं, तीन पाण्यातनं काढलं, सावलीत वाळवलं. होतं तसं गुंडाळून ठेवलं."

"आणि गुणगुणत होतास," मी म्हणालो.

"असेन."

"मग बाबा, काल का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? खळ काढल्यानं कापड बिघडतं, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. आणि महिनाभर तुझ्या पडद्याला फडकं म्हणत होतो. आता कुठल्या तोंडानं सांगू, की लपून धुऊन ठेवलंय?" त्याने खांबावरचा पुठ्ठा सरळ केला. "तोंडानं म्हणत होतो गं नुसतं."

पुतणीच्या डोळ्यांत पाणी आले होते आणि ती हसतही होती. "बाबा, ती खळ नव्हती. तो लेप होता."

"कळलं आता."

"जन्मात एकदा धुणं धुतलंस," आमची बहीण म्हणाली, "आणि तेही नेमकं नको ते! वर माझं पातेलं घालवलंस. शर्ट कधी बादलीत टाकवत नाही!"

धाकट्याला अजून एक काम उरले होते आणि ते त्याला ठाऊक होते. तो टाकीकडे तोंड करून म्हणाला, "मिस्त्री, माझं चुकलं."

"टाकीला काय सांगताय?" मिस्त्री म्हणाले. "मी इकडे आहे."

धाकटा वळला. "चुकलं माझं. काखेत कळसा आणि तुमच्या नावानं गावभर शंख केला."

मिस्त्रींनी चिंधी खिशात ठेवली. "बरं. मग उभं काय राहायचं? डिंक भिजत घालायला घ्या. पोरी, पाणी किती गरम लागतं ते तूच सांग. मालकांना नको विचारू. ते उकळतील."

सहा

शुक्रवारी तपासनीस बाई अकराला पाच मिनिटे असताना आल्या. त्यांच्याबरोबर काचेच्या सहा बाटल्या होत्या आणि बोलणे अगदी मोजके होते. त्यांनी पडद्याकडे पाहिले, मग धाकट्याकडे.

"या कापडानं तेल अडतं?"

 धाकट्याने पुतणीकडे बोट केले.

पडदा भिजवायचे काम त्याने स्वतःकडे मागून घेतले होते. मिस्त्री शेजारी उभे राहून सूचना देत होते. "दाबू नका. पिळू तर अजिबात नका. नुसतं बुडवा. हां, आता सटकतंय ना हातातनं? सटकू द्या. सटकतंय तेच बरं."

अकरा वाजून बारा मिनिटांनी काळे पाणी सुटले. बाईंनी पहिली बाटली भरली, उजेडात धरली, खाली ठेवली. दहा मिनिटांनी दुसरी. विसावे मिनिट आले तेव्हा कोणी कोणाकडे पाहत नव्हते. बहिणीने माझा दंड धरला होता. तिची नखे मला लागत होती, पण मी हात काढून घेतला नाही. एकविसावे गेले. बाविसावे गेले. तिसरी बाटली पहिलीइतकीच स्वच्छ होती. पडद्याच्या अलीकडे तेल काळ्या सायीसारखे जमत चालले होते आणि टिपाडराव ते इतक्या मायेने पाहत होता, की बाईंनी त्याला विचारले, "आपण कोण?"

"लाभार्थी," टिपाडराव म्हणाला.

तासाभराने सहावी बाटली भरली. पुतणीच्या उपकरणावर आणि बाईंच्या उपकरणावर आकडा एकच आला, मर्यादेच्या बराच खाली. बाईंनी फॉर्म काढला.

"पडदा किती दिवस टिकेल?"

धाकट्याच्या ओठांवर 'वर्षभर' आलेले मला स्पष्ट दिसले. त्याने ते गिळले.

"मला अजून माहीत नाही," पुतणी म्हणाली. "लहान तुकडा चाळीस दिवस चाललाय. मोठ्या पडद्याचा हा पहिलाच तास आहे. आणि धुण्याचा सोडा लागला तर तो दहा मिनिटांत जातो, हे आम्हाला कालच कळलं."

बाईंचे पेन थांबले. 

"इथे सगळे मला वर्षभर सांगतात," बाई म्हणाल्या. "आणि चौथ्या महिन्यात मी ओढ्यात तेल बघते." त्यांनी लिहिले: तीन महिने परवानगी, दर महिन्याला नमुना. सही केली, शिक्का मारला. "तुम्ही आकडा खरा सांगितलात, म्हणून एवढं तरी देता आलं."

फाटकापाशी त्या थांबल्या आणि धाकट्याला म्हणाल्या, "ओढ्याकाठी आणखी दोन कारखाने आहेत, त्यांनाही असा पडदा लागेल. त्यांना तुमच्याकडे पाठवू का? बोलणी तुमच्याशीच करायची ना?"

"माझ्याशी नको, बाई," धाकटा म्हणाला. त्याच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. "ते सगळं मुलगी बघते. मी इथे नुसता भिजवणारा."

आतून पुतणीची हाक आली. "बाबा! पडद्याचा वरचा कोपरा सुकत चाललाय. आणखी दोन बादल्या."

"आलो, आलो," तो म्हणाला, आणि बाईंना अर्धा नमस्कार करून बादल्या उचलायला पळाला.